वाचकांचे प्रश्न : चावीच्या ग्रामोफोनचे झिजलेले बारीक भाग

मागच्या अंकात जुन्या तबकड्या कशा साठवाव्यात याविषयी लिहिले होते. त्यावर आलेली बरीच पत्रे तबकड्यांविषयी नसून त्या वाजवणाऱ्या यंत्राविषयी आहेत, आणि त्यांपैकी सहा पत्रे एकट्या नाशिक परिसरातली आहेत. साऱ्यांची अडचण एकाच जातीची आहे: यंत्र घरात आहे, ते फिरतेही, पण आतला एखादा नखाएवढा भाग झिजला, वाळला किंवा हरवला आहे आणि तो बदलावा कसा हे कळत नाही. म्हणून या वेळचे सदर या सहा पत्रांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ ठिकाणे दिली आहेत.

प्रश्न (पंचवटी): आमच्या पणजोबांनी घेतलेला लाकडी पेटीचा, बाहेर कर्णा असलेला ग्रामोफोन तीसेक वर्षे माळ्यावर पडून होता. पुसूनपासून चावी दिल्यावर तो चालू झाला. परंतु गायक तारसप्तकात गेला किंवा साथीच्या पेटीचा जोर वाढला की आवाज फाटतो आणि पत्रा झिणझिणल्यासारखे ऐकू येते. साउंड बॉक्सवर, म्हणजे पिन जिच्यात बसते त्या गोल डबीवर, ‘एक्झिबिशन’ असे कोरलेले आहे. दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे, की साउंड बॉक्स संपला, नवा बसवून घ्या. तसे करावे का?

उत्तर: करू नये. तुमच्या साउंड बॉक्समध्ये वयानुसार संपणारी वस्तू मुख्यतः एकच आहे आणि ती म्हणजे रबर. बाजारात मिळणारे नव्या बनावटीचे जे साउंड बॉक्स माझ्या पाहण्यात आले, त्यांची दांडी ताठ आणि जोडकाम ढिले होते. तसा बॉक्स लावून तुम्ही चांगली वस्तू देऊन कमअस्सल वस्तू घ्याल आणि वर तबकड्यांचेही नुकसान कराल.

बिघाड नेमका कोठे आहे हे समजण्यासाठी आत काय चालते ते आधी पाहू. तबकडीच्या नागमोडी खाचेतून जाताना पिन डावी-उजवीकडे थरथरते. पिन जिच्यात बसते ती दांडी तरफेसारखी हलून ती थरथर अभ्रकाच्या गोल पडद्याच्या मध्यभागी पोचवते, पडदा हवा ढकलतो आणि कर्णा तो आवाज खोलीभर पसरवतो. हा पडदा कडेने धातूला थेट टेकलेला नसतो. त्याच्या पुढे एक आणि मागे एक अशा रबरी नळीच्या दोन कड्यांत तो धरलेला असतो, कारण त्याची कड हवाबंदही हवी आणि हलायला मोकळीही हवी. शंभरेक वर्षांत हे रबर वाळून लाकडासारखे होते. मग पडद्याची कड अखडते, कोठे फट पडते, आणि आवाज मोठा झाला की पडदा धातूवर आपटू लागतो. तुम्हाला ऐकू येणारी झिणझिण बहुधा तीच आहे. खात्रीसाठी कडेला दिसणाऱ्या रबरावर नख दाबून पाहा. खळगा पडून परत भरून आला तर रबर जिवंत आहे. नख घसरले किंवा तुकडा उडाला तर ते गेले.

हे काम घरी करता येते, मात्र एक पूर्ण दुपार आणि टेबलावर अंथरलेले पांढरे कापड एवढी तयारी हवी. साउंड बॉक्स काढण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, विशेषतः दांडीला दोन्हीकडून तोलून धरणाऱ्या बारीक पट्टी-स्प्रिंगांची आणि त्यांचे स्क्रू किती आवळलेले आहेत त्यांची. दांडीचे टोक जेथे पडद्याला जोडलेले असते तेथे एक अगदी छोटा स्क्रू आणि त्याभोवती मेणाचा ठिपका असतो. तापवलेल्या सुईच्या टोकाने मेण मऊ करून मगच तो स्क्रू सोडवावा. घाईने ओढले तर अभ्रक छिद्रापासून उकलतो आणि तेथून पुढे परतीचा रस्ता नाही. त्यानंतर मागची बैठक सोडवून पडदा व जुने रबर बाहेर काढावे. चिकटलेले रबर लाकडी काडीने खरवडावे, लोखंडी टोकाने नव्हे.

नव्या रबरासाठी मी सिलिकॉनची मऊ, बारीक नळी वापरतो. जुन्या कारागिरांप्रमाणे सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्हची रबरी नळीही चालते आणि तिचा आवाज गोडही लागतो, परंतु ती काही वर्षांत पुन्हा कडक होते हे धरून चालावे. औषधांच्या दुकानातली सलाइनची नळी मात्र मुळीच घेऊ नये, कारण ते रबर नव्हे, प्लास्टिक आहे आणि त्याला हवी तशी लवचीकता नाही. नळीची जाडी अंदाजाने ठरवू नका. जुन्या नळीचा न चेपलेला एखादा तुकडा सापडला तर तो मोजावा, नाहीतर पडदा आणि धातूची कड यांमधील फट मोजून तिच्यापेक्षा किंचित जाड नळी घ्यावी. कडे कापताना दोन्ही टोके सरळ कापून एकमेकांना नुसती टेकतील अशी ठेवावीत. एकावर एक चढली तर तेथे उंचवटा होतो, आणि अंतर राहिले तर हवा निसटते. पुढच्या व मागच्या कड्यांचे सांधे समोरासमोरच्या बाजूंना यावेत.

जुळणी करताना मागच्या बैठकीचे स्क्रू एकामागून एक पूर्ण न आवळता सगळे थोडे थोडे फिरवत आणावेत. पडदा धरला गेला पाहिजे, दाबला जाता कामा नये. सगळ्यात नाजूक गोष्ट पुढेच आहे: दांडीचे टोक पडद्यावर आणल्यावर ते स्वतःहून, न ओढता आणि न ढकलता, मध्यावर टेकले पाहिजे. टेकत नसेल तर दांडीच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांचे स्क्रू किंचित कमी-जास्त करून ती मध्यावर आणावी, छोटा स्क्रू लावून पडदा खेचून घेऊ नये. ताणाखाली असलेला पडदा बेसूर वाजत नाही, पण आवाज बारीक आणि कोरडा येतो, आणि अनेक जण ती कसर जुन्या यंत्राची म्हणून सहन करत राहतात. शेवटी स्क्रूच्या दोन्ही अंगांना शुद्ध मधमाशीच्या मेणाचा एक एक बारीक थेंब द्यावा. मेणबत्तीचे मेण ठिसूळ असते, ते येथे कामाचे नाही.

पडदा स्वच्छ आणि पारदर्शक असेल तर तोच ठेवावा. कडेला चंदेरी-पांढरे डाग दिसत असतील तर अभ्रकाचे पापुद्रे सुटू लागले आहेत असे समजावे. तरीही ते डाग मध्यापर्यंत गेले नसतील तर पडदा वाजवून पाहूनच निर्णय घ्यावा. बदलायचाच झाला तर अभ्रकच घ्यावा. झारखंडमधील कोडरमाचा अभ्रक एके काळी जगभर जात असे, आणि स्वच्छ पत्र्यांत तो आजही आपल्या देशात मिळतो. व्यास आणि जाडी जुन्या पडद्याप्रमाणे मोजून घ्यावी. प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा कापून लावलेले साउंड बॉक्स मी पाहिले आहेत. ते वाजतात, पण तो आवाज त्या यंत्राचा राहत नाही.

साउंड बॉक्स ज्या रबरी जोडाने नळीवर बसतो तो जोडही याच वेळी तपासावा. तो वाळला असेल तर आतले सगळे काम होऊनही झिणझिण राहते आणि दोष विनाकारण पडद्यावर येतो.

रबर, चामडे, वंगण आणि पिन हे भाग बनवणाऱ्यांनीच खर्ची पडण्यासाठी दिले होते. ते बदलताना मन खाण्याचे काही कारण नाही. धातूचे कवच, दांडी, स्क्रू आणि अभ्रक हे मात्र यंत्र आहे. ते शक्यतो जसेच्या तसे राहावे, आणि जे काढावे लागेल ते कागदाच्या पाकिटात, तारीख घालून, पेटीतच ठेवावे. तुमच्या नातवाला कदाचित आपल्याहून चांगला उपाय सापडेल, आणि तेव्हा त्याला जुना भाग पाहायला मिळाला पाहिजे.

प्रश्न (सिडको): जुन्या सामानात पिनांच्या दोन डब्या मिळाल्या. एक पिन किती तबकड्यांना वापरावी? बोथट झालेली पिन घासून टोकदार करता येते का?

उत्तर: एक पिन, एक बाजू. पोलादी पिन वापरायची तर यापेक्षा वेगळा हिशेब नाही. मिनिटाला अष्ट्याहत्तर फेऱ्यांची तबकडी लाखेची असली तरी तिच्यात दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असते, आणि ती पूड पहिल्या काही फेऱ्यांतच पिनेचे टोक घासून खाचेच्या आकाराचे करते. बाजू संपेपर्यंत त्या टोकाला दोन्हीकडे धारदार कडा येतात. तीच पिन पुन्हा लावली की त्या कडा दुसऱ्या तबकडीच्या खाचेच्या भिंती तासतात. पिनेची झीज तबकडीच्या वाट्याला येऊ नये म्हणूनच पिन स्वस्त आणि तबकडी महाग अशी ही रचना होती. घासून टोक काढलेली पिन खाचेला बसत नाही. जुन्या डब्यांतल्या गंजलेल्या पिनाही टाकून द्याव्यात, कारण गंजाचा खडबडीतपणा दिसत नसला तरी तबकडीला तो लागतो. जाड पिनेने आवाज मोठा येतो, बारीक पिनेने सौम्य. घरच्या खोलीत बारीक पिन पुरते आणि तबकडीलाही ती मानवते. एल.पी. तबकडी या यंत्रावर एकदाही लावू नका.

प्रश्न (नाशिक रोड): आमच्याकडे एच.एम.व्ही.चा १०२ क्रमांकाचा पेटीसारखा पोर्टेबल आहे. वाजताना मधूनच आतून ‘धप्’ असा आवाज येतो आणि त्या क्षणी सूर हलतो. थंडीत सकाळी लावला तर एक बाजूही पुरी होत नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील ओळखीचे कारखानदार पोलादी पट्टीची नवी स्प्रिंग करून द्यायला तयार आहेत. करून घ्यावी का?

उत्तर: अजून नाही. तुम्ही वर्णन केलेला ‘धप्’ हा तुटलेल्या स्प्रिंगचा नसून चिकटलेल्या स्प्रिंगचा आवाज आहे. १०२ हे यंत्र १९३१ साली बाजारात आले आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ बनत राहिले. तुमचे त्यातले कोणत्याही वर्षाचे असले तरी स्प्रिंगच्या डबीतले वंगण कधी बदलल्याची नोंद तुमच्या पत्रात नाही. डबीत गुंडाळलेली कित्येक हातांची पट्टी उलगडताना तिचे वेढे एकमेकांवरून सरकले पाहिजेत. वंगण वाळून डिंकासारखे झाले की वेढे चिकटून राहतात आणि ताण वाढला की एकदम सुटतात. तोच धप्. नाशकात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांखाली जातो, तेव्हा हे वंगण आणखी घट्ट होते आणि यंत्र दमते. या पत्रासोबतच्या छायाचित्रात दातेरी चाकांवर पांढरट थर दिसतो. कोणी खोबरेल तेल घातले असेल तर नवल नाही. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते आणि काही वर्षांत त्याची चिकट साय होते. ग्रामोफोनमध्ये ते कधीही घालू नये.

पुढे जाण्यापूर्वी एक सूचना, आणि ती कृपया घरातल्या प्रत्येकाला सांगावी. स्प्रिंगमध्ये ताण शिल्लक असताना गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) काढू नये, किंबहुना यंत्राचा एकही स्क्रू सोडू नये. गव्हर्नर हाच त्या ताणाला धरून ठेवणारा लगाम आहे. तो निघाला की सगळी साठलेली शक्ती काही क्षणांत चाकांतून बाहेर पडते, दाते उडतात आणि बोटे जायबंदी होतात. म्हणून आधी तबकडी न ठेवता थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्यावी, थांबल्यावर हाताने पुढे ढकलून उरलेला ताणही काढावा, आणि मगच पेटीतून मोटर वर घ्यावी.

डबी उघडून स्प्रिंग बाहेर काढणे हे काम मी पहिल्यांदा करणाऱ्याला सांगणार नाही. ताण उतरलेला असला तरी डबीत दाबून बसलेली पट्टी सुटताना चाबकासारखी उसळते आणि तिच्या कडा धारदार असतात. ज्याने हे काम केले आहे अशा माणसाकडून, जाड चामडी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून, ते करून घ्यावे. पट्टी रॉकेलने धुऊन, पूर्ण कोरडी करून, ग्राफाइटयुक्त ग्रीसचा पातळ हात देऊन परत भरली की बहुतेक वेळा धप् जातो आणि नवी स्प्रिंग लागतच नाही. रॉकेलचा हात पेटीच्या आवरणाला किंवा तबकडीला लागू देऊ नये. तबकडी स्पिरिटनेही कधी पुसू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

पट्टी बाहेर काढल्यावर तिचे टोक फाटलेले आढळले तरीही लगेच नवी करू नका. स्प्रिंग पुष्कळदा टोकाच्या भोकापाशीच तुटते. तेवढेच दोन-तीन सेंटिमीटर टोक लाल करून सावकाश निवू दिले की ते मऊ होते, त्यात नवे भोक पाडून कानशीने कडा गोल करता येतात, आणि पट्टी थोडी आखूड झाल्याने काही फेऱ्या कमी मिळण्यापलीकडे काही बिघडत नाही. मधोमध तुटली असेल तर मात्र बदलणे आले. तसे झालेच, तर तुमच्या कारखानदार मित्रांना पट्टीची रुंदी, जाडी आणि लांबी या तिन्ही गोष्टी जुन्या पट्टीवरून मोजून द्याव्यात. जाडी मायक्रोमीटरने मोजावी, कारण पट्टीचा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: जाडी एक दशांशाने वाढली तर जोर जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. ‘जरा मजबूत करू’ अशा सदिच्छेने दिलेली जाड पट्टी दातेरी चाकांचे दाते खाऊन टाकते. पट्टी पाणी दिलेल्या (तापवून कडक केलेल्या) स्प्रिंग स्टीलचीच हवी. खोक्यांना बांधायच्या पट्टीचा रंग आणि रुंदी सारखी दिसली तरी ती दोन महिन्यांत मलूल होते.

तुमच्या सूर हलण्याच्या तक्रारीत गव्हर्नरचाही वाटा असू शकतो. तीन वजने तीन पातळ पट्ट्यांवर बसवलेली असतात, दांडा फिरू लागला की वजने बाहेर फेकली जातात, त्यामुळे एक चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा नमद्याच्या छोट्या गादीवर घासून वेग आवरते. ही गादी कोरडी पडली की किरकिरते आणि सूर थरथरतो. तिला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब द्यावेत. ती घासून चपटी झाली असेल तर तेवढ्याच जाडीच्या नैसर्गिक चामड्याचा तुकडा कापून बसवावा. तीनपैकी एक पट्टी तडकलेली आढळली तर तिन्ही बदलाव्यात, आणि तिन्ही एकाच पत्र्यातून, एकाच जाडीच्या. एक नवी आणि दोन जुन्या असा संच कधीच समतोल फिरत नाही. दांड्याच्या टोकाशी किंचितही गचका लागत असेल तर तेथील बेअरिंग फिरवून तो घालवावा, मात्र दांडा बोटाच्या टिचकीने मोकळा फिरला पाहिजे.

वेग तपासायला उपकरण लागत नाही. तबकडीखाली कागदाची पट्टी खोचून, पिन टेकलेली असताना, अर्ध्या मिनिटात ३९ फेऱ्या मोजाव्यात. अधिक नेमके हवे असेल तर ७७ काळ्या रेघांची वर्तुळाकार पट्टी थाळीवर ठेवून पाहावी. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरच्या दिव्यात त्या रेघा स्थिर दिसल्या की वेग मिनिटाला ७७.९२ फेऱ्या असतो. बहुतेक एल.ई.डी. दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत म्हणून त्यांच्या उजेडात हे दिसत नाही. विजेच्या बोर्डावरचा जुना निऑन दर्शक दिवा या कामी उत्तम.

प्रश्न (सातपूर): मोटरच्या पट्टीचे दोन स्क्रू हरवले आहेत. मी स्वतः टूल रूममध्ये काम करतो. भोकांना एम-३ (तीन मिलिमीटर मेट्रिक) टॅपने पुन्हा आटे पाडून घेतले तर चालेल का?

उत्तर: आपल्यासारख्या जाणत्या हातांकडूनच हे नुकसान अधिक होते, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. इंग्लंडमध्ये बनलेल्या मोटरींत बरेचदा बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) पद्धतीचे आटे असतात. ६ बी.ए. स्क्रूचा बाहेरचा व्यास २.८ मिलिमीटर, दोन आट्यांतले अंतर ०.५३ मिलिमीटर आणि आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश असतो. एम-३ मध्ये हेच अंतर ०.५ मिलिमीटर आणि कोन साठ अंश. आकडे इतके जवळचे आहेत की एम-३ चा स्क्रू पहिले एक-दोन आटे आत जातो आणि बसला असे वाटते. मग तो अडकतो, आणि जोर केला की जुने आटे भुगा होऊन बाहेर येतात. अनेक वर्षांपूर्वी मी एका मोटरच्या पट्टीत अगदी हेच केले. ती पट्टी माझ्याकडे अजून आहे, आणि ते भोक भरून काढण्यासाठी पुढे जितके कष्ट पडले त्याच्या दहाव्या हिश्शात योग्य स्क्रू बनवून मिळाला असता.

तेव्हा आधी आटे मोजा. शेजारच्या स्क्रूवर पिच गेज लावा आणि व्यास मायक्रोमीटरने घ्या. स्विस मोटर असेल तर आटे मेट्रिक निघू शकतात, अमेरिकी यंत्र असेल तर तिसरेच. बी.ए.ची डाय मिळते, आणि आपल्या टूल रूममध्ये पितळेच्या किंवा मऊ पोलादाच्या दांडीवर दोन स्क्रू काढणे हे आपल्याला अर्ध्या तासाचे काम आहे. मूळ स्क्रूचे डोके कसे होते, सपाट की घुमटी, ते शेजाऱ्याकडे पाहून ठरवावे. अडकलेल्या स्क्रूंवर जोर करण्याऐवजी एक थेंब भेदक तेल, एक रात्र, आणि मग सोल्डरिंग आयर्नचे टोक डोक्यावर टेकवून दिलेली ऊब, हा क्रम ठेवावा. पेचकसाचे पाते खाचेच्या रुंदीला आणि लांबीला तंतोतंत घासून घ्यावे.

एका ठिकाणी मात्र ऊब आणि जोर दोन्ही निषिद्ध आहेत. १९२० च्या दशकापासून पुष्कळ यंत्रांत जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग आले: साउंड बॉक्सचे कवच, नळीचा वाक, एखादी बैठक. त्या जस्तात शिसे किंवा तत्सम अशुद्धी राहिली असेल तर धातू आतून कणाकणाने कुजतो, फुगतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. अशा भागाला स्क्रू फिरवण्याएवढा ताणही पुरतो आणि त्याचे तुकडे होतात. चिरा दिसल्या तर तो भाग काढण्याचा विचारच सोडून द्यावा आणि आहे त्या जागी वापरावा. ताज्या तुटीत आतला भाग करडा, दाणेदार दिसतो, त्यावरून हा धातू ओळखता येतो.

प्रश्न (इंदिरानगर): हस्तकलेच्या प्रदर्शनात पितळी कर्ण्याचा चकचकीत ग्रामोफोन घेतला. त्याचा कर्णा बैठकीत डुगडुगतो. मूळ भाग कोठे मिळतील?

उत्तर: आपण पाठवलेल्या छायाचित्रांवरून हे यंत्र अलीकडे जुळवलेले आहे: नवी पेटी, नवा अष्टकोनी कर्णा, आणि आत बहुधा एखाद्या जुन्या पोर्टेबलची मोटर. त्यामुळे ‘मूळ भाग’ असा शब्द त्याला लागू पडत नाही, आणि जुन्या यंत्रांसाठी दुर्मीळ झालेले भाग त्यात घालू नयेत असे मला मनापासून वाटते. डुगडुगणे थांबवायला कर्ण्याच्या मुळाशी पातळ चामड्याचे वेटोळे पुरे. कर्ण्याला पोचे असतील तर जुन्या नाशकातल्या एखाद्या तांबट कारागिराला दाखवावेत. पातळ पितळ आतून ठोकून सरळ करणारे हात आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि या कामासाठी त्यांच्याहून योग्य माणूस ग्रामोफोनवाल्यांतही मिळणार नाही. आतली मोटर मात्र खरोखर जुनी असू शकते. तिला तेल द्या आणि नीट ठेवा.

प्रश्न (देवळाली कॅम्प): आमच्याकडे तबकडीचा नव्हे, नळकांड्याचा एडिसन फोनोग्राफ आहे. चामड्याचा पट्टा तुटला आहे, आणि वाजवताना साउंड बॉक्स पुढे सरकता सरकता अडतो व तीच ओळ परत परत येते. नळकांडी आठ आहेत, त्यांपैकी तीन निळी. काय बदलावे?

उत्तर: आपल्याकडे आहे तो प्रकार नाशकात काय, महाराष्ट्रातही क्वचितच दिसतो. एडिसनने १८७७ मध्ये आवाज साठवला तो नळकांड्यावरच, आणि त्याच्या कंपनीने १९२९ पर्यंत नळकांड्यांची वाट सोडली नाही. म्हणून आपल्याला घाई न करण्याची विशेष विनंती आहे.

पट्टा सोपा. जुन्या पट्ट्याचे तुकडे जुळवून लांबी मोजावी, रुंदी कप्पीवरून घ्यावी, आणि पातळ, सारख्या जाडीच्या चामड्याचा पट्टा तिरक्या सांध्याने चिकटवून घ्यावा. सांधा सरळ ठेवला तर कप्पीवरून जाताना प्रत्येक फेरीला ठोका बसतो. पट्टा घसरू नये इतकाच ताण हवा. त्यापेक्षा घट्ट बसवला तर मोटरच अडखळते. नळकांडे मिनिटाला १६० फेऱ्या फिरले पाहिजे.

ओळ परत येण्याचे कारण बहुतेक जण अर्ध्या नटाच्या झिजेत शोधतात. यंत्राच्या बाजूला असलेल्या लांब मळसूत्रावर हा छोटा अर्धा नट टेकून असतो आणि साउंड बॉक्सला पुढे नेतो. त्या मळसूत्राला एका इंचात शंभर आटे असतात. म्हणजे दोन आट्यांत पाव मिलिमीटर, आणि त्या पाव मिलिमीटरात शंभर वर्षांचे तेल आणि धूळ भरून बसले आहे. आधी मऊ दातांच्या ब्रशने आणि थोड्या रॉकेलने मळसूत्र व नट दोन्ही स्वच्छ करावेत, कोरडे पुसावेत, आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात द्यावा. त्याआधी नळकांडे बाजूला काढलेले असावे. एवढ्यानेच दोष जातो असा माझा अनुभव आहे. गेला नाही, तर भिंगाखाली नटाचे आटे पाहावेत. त्यांचे माथे चपटे झालेले दिसले तर नट बदलावा लागेल, आणि तो जुन्या यंत्रांचे भाग बनवणाऱ्यांकडूनच घ्यावा. साध्या लेथवर इतका बारीक आटा नीट निघत नाही आणि खडबडीत नट मळसूत्रच खाऊन टाकतो. नट दाबून धरणारी स्प्रिंग जास्त घट्ट करून काम चालवण्याचा मोह टाळावा, त्याचाही परिणाम तोच.

आता टोकाचा खडा. येथे पोलादी पिन नसते, घडवलेला नीलमणी असतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो, परंतु धक्का बसला तर त्याचा कपचा उडतो. दहापट भिंगाखाली, बाजूने उजेड टाकून तो पाहावा. गोलाई अखंड आणि चकचकीत हवी. सपाट पट्टा किंवा चमकणारी कड दिसली तर खडा बदलल्याशिवाय एकही नळकांडे लावू नका. मेण मऊ आहे, आणि कपचा उडालेला खडा त्यात नांगरासारखा चालतो. शिवाय नळकांडी दोन जातींची असतात. जुनी दोन मिनिटांची, इंचात शंभर खाचांची, आणि १९०८ नंतर आलेली चार मिनिटांची, इंचात दोनशे खाचांची. आपली निळी नळकांडी १९१२ पासून निघालेल्या सेल्युलॉइडच्या जातीची, म्हणजे चार मिनिटांची असावीत. दोन्ही जातींना खडा वेगळ्या आकाराचा आणि पुढे सरकण्याचा वेगही वेगळा लागतो. म्हणून साउंड बॉक्सवर कोरलेले अक्षर वाचून मला कळवावे. ‘सी’ असेल तर तो दोन मिनिटांचा, ‘एच’ असेल तर चार मिनिटांचा, आणि ‘के’ असेल तर दोन्ही खडे असलेला. निळ्या नळकांड्यांच्या आत प्लास्टर असते आणि ते ओल धरून फुगते, तेव्हा ती ओल्या फडक्याने पुसू नयेत. मेणाच्या नळकांड्यांना आतून, दोन बोटे पसरून उचलावे, खाचांना हात लावू नये. तुमचे उत्तर येईपर्यंत आठही नळकांडी कापसाच्या जुन्या, धुतलेल्या कापडात उभी ठेवावीत, आडवी नव्हेत.